मोठ्या क्रूझवर एवढी गर्दी असेल तर आईंना पुन्हा न्यावं का?

पार्लेकर_मीनल

नमस्कार. आम्ही पाचजण: मी, नवरा, दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुली आणि सासूबाई. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून केलेली सहल, म्हणून जास्त लागलं.

आई चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांची एकच इच्छा होती, डेकवर निवांत बसून समुद्रावरचा सूर्योदय बघायची. पहिल्या सकाळी पावणेसातला त्यांना घेऊन वर गेले. माणूस एकही नाही आणि खुर्चीही एक रिकामी नाही. प्रत्येकीवर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, एकीवर नुसती लहान मुलाची सपाता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. आई कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. नाश्ता करून साडेआठला परत आलो तरी निम्म्या टॉवेलांवर कुणी आलेलं नव्हतं.

रात्री थिएटरात तेच. आमचं घर नाटकवेडं, दीनानाथला वर्षाला आठ-दहा प्रयोग होतातच. तिथे तिकिटावर रांग आणि खुर्ची असते. जहाजावर आरक्षण म्हणजे फक्त आत सोडणार. वीस मिनिटं आधी जाऊनही आईंना शेवटच्या रांगेत खांबाआड बसावं लागलं. आणि कार्यक्रम? गायिका घामाघूम होईपर्यंत नाचत होती, पण आवाजात धाप म्हणून नाही. धाकटीने विचारलं, "आई, ही गातेय की टेप लावलीय?"

आता नणंद म्हणतेय, याहून मोठं जहाज बघू, जागा ऐसपैस असते. हे खरं आहे का? की मुंबईहून गोव्याला जाणारं बरं? पुन्हा आईंचा हिरमोड व्हायला नको.

निखिल_ठाणे

आमच्या मुलांना तर घरी यायचंच नव्हतं! स्लाइडला रांग होती, पण पोरांना रांगेचं काही वाटत नाही. एक सुचवतो: मे टाळा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा. आपल्याकडे शाळेच्या खरेदीची गडबड असते, लोक परतलेले असतात.

गिरणगाव_साउंड

मीनलताई, मी अकरा वर्षं क्रूझवर साउंडला होतो, आता लालबागला घरीच असतो. तुमच्या धाकटीचे कान चांगले आहेत.

आधी निखिलरावांचं. सिंगापूरहून जायचं तर जून अजिबात नको. तिथल्या शाळांना मेअखेरपासून जवळजवळ पूर्ण जून सुट्टी असते, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर मोठी सुट्टी. दिवाळी उशिरा आली की दोन्हीकडच्या सुट्ट्या एकत्र येतात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपली मुलं मोकळी आणि त्यांची शाळेत.

आता मोठं जहाज. जहाजाचा जो टनेज आकडा सांगतात तो वजनाचा नसतो, बंदिस्त जागेचा असतो. त्याला प्रवाशांनी भागलं की माणशी जागा कळते. सगळ्यात मोठ्यांपैकी 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या, जानेवारी २०२४ पासून मायामीहून चालतं. टनेज २,४८,६६३, प्रवासी ५,६१०. भागाकार ४४, म्हणजे चांगला. पण ५,६१० हा आकडा एका खोलीत दोघंच धरून काढलेला आहे. सोफा आणि वरचे बंक उघडले की तेच जहाज ७,६०० माणसं घेतं, आणि भागाकार ३३ वर येतो. सुट्टीत कुटुंबं येतात तेव्हा खोलीत चौघं असतात. जहाज तेच, पण माणशी जागा पाव हिश्शाने कमी.

शिवाय पूलचा उघडा डेक त्या टनेजमध्ये धरतच नाहीत. म्हणजे तुम्हाला जिथे त्रास झाला, तिथलं हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून जहाज किती मोठं यापेक्षा कुठल्या आठवड्यात निघतं ते आधी बघा. बंदराला लागल्यावर उतरू नका, हेही सांगेन. त्या दिवशी निम्मं जहाज गावात जातं, मुलींना स्लाइड मोकळी मिळते.

कार्यक्रमाचं मनापासून सांगतो. मोठ्या नाचगाण्यांत बरीचशी गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर होतात, आणि नाच जोरात असेल तिथे गायकाचा आवाजही ध्वनिमुद्रितच असतो. आम्ही बटण दाबायचो. मला ते कधीच आवडलं नाही, कारण त्यातली कितीतरी मुलं खरंच उत्तम गाणारी होती. त्यांना ऐकायचं तर लहान लाउंजमध्ये रात्री उशिरा जा. एक पियानो, एक माइक, समोर तीस माणसं. तिथे टेप नसते.

थिएटरमध्ये एवढी माणसं एका वेळी मावत नाहीत, म्हणून एकाच रात्री दोन-तीन प्रयोग लावतात. पहिल्याला लहान मुलांची कुटुंबं लोटतात. शेवटचा घ्या, आणि संपल्यावर दहा मिनिटं खुर्चीतच बसा. सगळे एकदम उठतात आणि लिफ्ट तिथेच तुंबते. बहुतेक जहाजांवर थिएटर पुढच्या टोकाला असतं, तिथे हेलकावा जास्त. आईंना मळमळ होत असेल तर मागच्या रांगाच बऱ्या, फक्त खांब सोडून.

स्नेहल_गिरगाव

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन मुंबई-गोवा केलं. 'एम्प्रेस' १९९० मध्ये फ्रान्सला बांधलेलं आहे, टनेज ४८,५६३, म्हणजे काकांनी सांगितलेल्या जहाजाच्या पाचवा हिस्सा. स्लाइड आणि झगमगाट कमी, पण विमान नाही, पासपोर्ट नाही, बॅलार्ड पिअरला टॅक्सीने उतरलो. जहाज निघालं तेव्हा सासरे भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला जाणाऱ्या जुन्या बोटीच्या गोष्टी सांगत बसले. पावसाळ्यात मात्र विचार करू नका.

पार्लेकर_मीनल

काका, रात्री आईंना सगळं वाचून दाखवलं. मुलींना स्लाइड हवीच आहे, तेव्हा मेचा दुसरा आठवडा, सिंगापूर, पेनांगची फेरी असं ठरतंय. आईंनी एकच विचारायला सांगितलंय: खोली कुठल्या बाजूची घ्यायची?

गिरणगाव_साउंड

त्यांना सांगा, पेनांगकडे जाताना जहाजाचं तोंड वायव्येला असतं. सूर्य उजव्या हाताला, थोडा मागे उगवतो. परतताना डाव्या हाताला, पुढे. म्हणून उजवीकडची बाल्कनी घ्या, शक्य तितकी मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांब नको. परतीच्या सकाळी खालच्या, फिरायच्या डेकवर डावीकडे जा. टॉवेलवाले वर पूलपाशी असतात, खाली कुणी येत नाही. सूर्य तिथे सातच्या सुमारास उगवतो, साडेसहाला निघालात तरी पुरे. चहा थर्मासमध्ये घ्या, एवढ्या सकाळी बफेला रांग नसते.