घारापुरीचे प्रवासी टर्मिनल लेण्यासारखे असावे की बेटासारखे?

कातळरेघ (धागाकर्ता)

घारापुरीला नवे प्रवासी टर्मिनल बांधायचे झाले तर त्याला लेण्यांसारखे कोरीव खांब असावेत, दर्शनी भागावर त्रिमूर्तीची भव्य प्रतिकृती असावी आणि लाँचमधूनच पर्यटकाला 'आपण कुठे आलो' हे कळावे, अशी सूचना करणारी गिरगावकर यांची पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. तिच्याखालचे कौतुक वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुख्य लेणे बेटावर बांधलेले नाही, ते बेटाच्या कातळातून काढलेले आहे. लाँचमधून दोन हिरव्या टेकड्या आणि मधली खिंड एवढेच दिसते. लेण्याचा पत्ता लागत नाही. उत्तरेच्या बाजूने आत शिरल्यावर पूर्व-पश्चिमेच्या मोकळ्या अंगांतूनही उजेड येत राहतो, डोळे हळूहळू अंधाराला सरावतात, आणि मग दक्षिणेच्या भिंतीतला सुमारे ६ मीटर उंचीचा सदाशिव, म्हणजे ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात तो, आकार घेऊ लागतो. ज्या कारागिरांनी ही भेट इतकी राखून ठेवली, त्यांच्या कामाची सिमेंटची नक्कल धक्क्यावरच उभी करणे हा त्यांचा अपमान आहे. टर्मिनल बुटके असावे, त्याचे छप्पर तिवरांच्या (खारफुटीच्या) शेंड्यांहून फार वर जाऊ नये, जोते काळ्या दगडाचे असावे, भिंती अगदी गरजेपुरत्या असाव्यात आणि समुद्रावरून येणाऱ्याला टेकडीची रेघ कुठेही तुटलेली दिसू नये. १९८५ च्या अधिसूचनेने बेटाबरोबर किनाऱ्यापासून १ किलोमीटरचा पट्टाही प्रतिबंधित ठरवला आणि १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे भोवतालचे पाणीही वारशाच्या विचारात धरलेले आहे. मग धक्क्यावरची इमारत त्यातून कशी सुटेल?

गिरगावकर

पोस्ट माझी असल्याने उत्तर देणे भाग आहे. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिले ते पूर्वीच्या उतरण्याच्या जागेजवळ असलेल्या दगडी हत्तीमुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला, पुढे जोडला गेला आणि आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बंदरावरच ठळक खूण असावी ही कल्पना मी कुठून उसनी आणलेली नाही, ती या बेटाचीच आहे. आपल्याला बुटके आणि न दिसणारे जे हवे आहे, ते अभ्यासकांना आवडेल. मुलाबाळांना घेऊन वर्षातून एकदा सहलीला निघालेल्या माणसाला काहीतरी पाहिल्याचे समाधान हवे असते, आणि तेही तितकेच खरे आहे.

कातळरेघ

हत्तीचा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु तो हत्ती एक स्वतंत्र शिल्प होता, तिकीट खिडकीवर चिकटवलेला देखावा नव्हता. उद्या तो भायखळ्याहून परत आणायचा ठराव कोणी मांडला तर पहिली सही माझी असेल.

ओसाकानिवासी

जपानच्या नाओशिमा बेटावर मियानोउरा बंदरात २००६ मध्ये साना या वास्तुरचनाकारांच्या जोडीने टर्मिनल बांधले. सुमारे ७० मीटर लांबीचे पातळ, सपाट छप्पर, त्याखाली अत्यंत बारीक खांब, आणि प्रतीक्षागृहाला काच. बोट धक्क्याला लागताना इमारतीआरपार पलीकडचे गाव दिसते. कातळरेघ म्हणतात ते शक्य आहे, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

उरणकर

दाखला चांगला आहे, फक्त तो आमच्या पाण्यातला नाही. सपाट छप्पर आणि काच घेऊन कोकणातल्या पहिल्याच मृगात काय होईल, हे ज्याच्या घराचे पत्रे कधी उडाले आहेत त्याला विचारा. इथे उतरते छप्पर, खोल वळचण आणि वारा जाऊ देणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या भिंतीच हव्यात. आणि खरा प्रश्न छपराचा नाहीच, भरती-ओहोटीचा आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी ४ मीटरहून जास्त चढते-उतरते. भरतीला लाँचचा कठडा धक्क्याला समतल येतो आणि ओहोटीला तीच लाँच शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी हेलकावे खात असते. खलाशी एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने म्हातारीचे मनगट धरून उभा असतो. माझ्या आईचा पाय अशाच एका धक्क्यावर लाँच आणि टायर यांच्यामध्ये सापडला, तेव्हापासून ती समुद्राच्या वाटेने कुठेही गेलेली नाही. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या बोटीची धडक बसून नीलकमल ही प्रवासी लाँच बुडाली आणि १५ जण गेले, त्यानंतर जीवरक्षक जॅकेटची चर्चा झाली, पण चढण्या-उतरण्याची कोणी काढली नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आधी आणा, वास्तूचे सौंदर्य मागून पाहू.

वारसाप्रेमी

सगळे टर्मिनलवर बोलत आहेत आणि पायऱ्यांवर कोणी बोलत नाही. धक्क्यापासून लेण्यापर्यंतच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी दुकाने आहेत आणि वर सलग निळी ताडपत्री. बेटावर सर्वांत आधी डोळ्यात भरणारा रंग तोच आहे. ती हटवल्याशिवाय टर्मिनल कितीही बुटके केले तरी व्यर्थ आहे. त्या दुकानांना तिथे जागा द्यायलाच नको होती.

शेतबंदर

वारसाप्रेमी, आपण बेटावर उतरता, चार तास थांबता आणि शेवटच्या लाँचने परत जाता. आम्ही रात्रीही इथेच असतो. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, आणि तोवर आमच्या अंधाराने कोणाच्या डोळ्याला त्रास झाल्याचे आठवत नाही. ती ताडपत्री उन्हात चढणाऱ्या पर्यटकालाही सावली देते. दुकानात माळा, दगडी मूर्ती आणि काकड्या विकून आमच्या मुलांचे शिक्षण होते. जागा द्यायलाच नको होती, हे वाक्य आपण मागे घ्यावे.

वारसाप्रेमी

माझा रोख माणसांवर नव्हता, प्लास्टिकवर होता. तरीही वाक्य कठोर झाले असेल तर मागे घेतो; ताडपत्रीविषयीचे मत मात्र बदलत नाही.

शेतबंदर

रोख कोणावर होता हे वाचणाऱ्याला कळते. आम्हालाही कौलाची किंवा झापांची सावली आवडेल, पण पुढच्या पावसाआधी ती कोण शाकारून देणार हे एकदा सांगा.

उरणकर

ताडपत्रीवर एवढे वाद झाले, आता मूळ विषयाकडे या. शेतबंदरकरांची सावली आणि टर्मिनलची सावली वेगळी का असावी? तेच उतरते छप्पर धक्क्यापासून पायऱ्यांच्या तळापर्यंत तुकड्यातुकड्यांनी न्यावे आणि त्याखाली दुकानांना कायमची जागा द्यावी. कातळरेघ यांनी सांगितलेल्या अधिसूचनेने सगळे बेटच प्रतिबंधित आहे, त्यामुळे वरच्या आणि खालच्या दोन्ही टप्प्यांसाठी नियमांचा विचार आधी करावा लागेल.

कातळरेघ

हे मला मनापासून पटते. मी इमारतीचाच विचार करत होतो, ती वाट म्हणून पाहिली तर बुटकेपणा आपोआप येतो. एकच अट घालतो: तिवरे तोडून भराव घालायचा नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल हाही या बेटाचा देखावा आहे; वाट खांबांवरून जावी आणि खालून पाणी मोकळे फिरावे.

गिरगावकर

त्रिमूर्ती दर्शनी भागावर नको, इतके मी सोडायला तयार आहे. परंतु हत्ती सोडणार नाही. मूळ भायखळ्यातच राहू द्या, बेटाच्याच दगडातली पूर्णाकृती घडवून उतरण्याच्या जागी ठेवा. नुसती सावली पाहून कोणी मुलांना काय सांगणार?

शेतबंदर

हत्ती ठेवा, आमची हरकत नाही. पण आराखड्यात पर्यटकांच्या प्रतीक्षागृहाआधी दोन गोष्टी काढा: रात्री आजारी माणसाला न्हावा गावाकडे नेताना स्ट्रेचर सरळ बोटीत जाईल असा उतार, आणि बायकांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, जे शेवटची लाँच गेल्यावर कुलूप लावून बंद केले जाणार नाही. आणि तो आराखडा मुंबईतल्या सभागृहात दाखवण्याआधी आमच्या ग्रामसभेत मांडा.