आपल्या गावची टॉकीज : खान्देशकरांनो, लिहा

मुंबई-पुण्याच्या थिएटरांवर पोत्यानं लिहून झालंय. आपल्याकडे मात्र टॉकीज चालायची ती गिरणीचा पगार, आठवडे बाजार आणि कपाशीचा पैसा बघून. त्याबद्दल लिहा. पिक्चरची स्टोरी नको, टॉकीजचं सांगा.

भुसावळ : मग पहिला मान आमचा! सी.पी.-बेरार सर्किट, म्हणजे पिक्चर वाटपाचा जुना मध्य प्रांत-वऱ्हाड विभाग, त्याच्या वितरकांची ऑफिसं आमच्या गावात होती. जंक्शन ना! रिळांच्या पेट्या गाडीत चढवल्या की पार विदर्भात. आमचे आबा अशाच एका ऑफिसात कारकून. प्रिंट परत आली की डबे उघडून रीळ न् रीळ तपासायचं : कुठे फाटलंय, कुठे सांधलंय, कोणत्या गाण्यातला तुकडा गायब आहे. तुकडे नेमके गाण्यांतलेच का जायचे, ते तुम्हीच ओळखा.

अमळनेर : प्रताप मिलचा पगार झाला की थर्डच्या खिडकीवर मारामारी. खिडकी कसली, हात जाईल एवढं भोक. एका वेळी तीन-तीन हात आत. तिकीट मिळालं तरी मूठ बाहेर निघेना, आणि मूठ उघडली तर तिकीट दुसऱ्याचं.

धुळे : मी ऑपरेटर, म्हणजे पिक्चरचं मशीन चालवणारा. मशीनमध्ये झेनॉनचे दिवे नंतर आले. आधी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणि मधल्या फटीत ज्योत. कांड्या जळतील तशी फट वाढते, ती सारखी जुळवत राहायची. चहा प्यायला गेलो की पडदा पिवळा आणि खालून आईबहीण. हजार फुटांचं रीळ 11 मिनिटांत संपतं, म्हणून दोन-दोन जोडून लावायचे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर रीळ संपत आल्याचा ठिपका आला की दुसरं मशीन सुरू. टीव्हीवर जुना पिक्चर लागला की घरचे हिरोईन बघतात, मी ठिपका शोधतो.

शहादा : आमची टॉकीज म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेतला तंबू. दत्तजयंतीची थंडी, बाहेर घोड्यांचा बाजार, आत घोंगडी पांघरून मातीत बैठक. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत दिवे लागायचे. तेवढ्यात कोणी उठलं की मागून, "खाले बठ रे भो!" आमची आजी पडद्याच्या मागच्या बाजूनं बघायची. तिकडे गर्दी कमी, आणि वाचता येत नसल्यानं उलट्या अक्षरांचं तिला काही नव्हतं.

मालेगाव : जिल्हा नाशिक असला तरी आम्हाला धरा. शुक्रवारी माग बंद, सगळं गाव टॉकीजवर. बाकी सविस्तर नंतर.

चाळीसगाव : आमच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालंय. खुर्च्या काढल्या, पण उतार तसाच. मागच्या महिन्यात पुतण्याचं लग्न तिथंच होतं. पंगतीच्या टेबलांना एका बाजूनं विटा लावल्या होत्या, तरी वरण पत्रावळीत थांबेना. व्याही म्हणाले, बाल्कनीत वाढा.