उत्तर: काचेवर चोच मारणारा दयाळ

प्रश्न असा की पुण्यातल्या घरी दयाळ पक्षी खिडकीच्या काचेवर सारखा चोच मारतो, तो का आणि काय करावं. त्यावर कुणी लिहिलंय की दयाळ भुकेला असेल, बाल्कनीत दाणे ठेवा. नाही पटत. दयाळ मुख्यतः किडे खातो, दाण्यांवर कबुतरं तेवढी जमतील आणि पुण्यात ती आधीच उदंड आहेत. मार्च ते जुलै हा त्याचा विणीचा काळ. काचेतलं प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतं. खरा नर हुसकावल्यावर पळतो, हा पळतच नाही, म्हणून बिचारा तासन्‌तास झुंजत राहतो.

आतून पडदा लावू नका, मागे अंधार झाला की प्रतिबिंब उलट ठळक होतं. काच बाहेरून झाका: वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं दाट पाणी फासून वाळू द्या. शेजारची काचही झाका, नाहीतर तो तिकडे सरकतो. पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशांवर जुने मोजे चढवा.