सेकंड हँड मारुती: चार लाखांत वॅगनआर की स्विफ्ट?

कृष्णाकाठ:
बजेट चार लाख, ओढूनताणून सव्वाचार. मुक्काम कराड, महिन्यातून दोनदा पुणे. आईचे गुडघे गेलेत. धाकटा भाऊ स्विफ्टवर अडून बसलाय, मी वॅगनआरवर. वॅगनआरमध्ये बसायला वाकावं लागत नाही, सीट खुर्चीच्या उंचीची. स्विफ्टमध्ये माणूस आधी खाली बसतो आणि उतरताना दाराला धरून कण्हत वर येतो. शिवाय आमच्याकडे त्याच पैशात स्विफ्ट दोन वर्षं जास्त जुनी मिळतेय. नुसत्या नावाचे पैसे कशाला मोजायचे?

घाटवेडा:
नावाचे नाही हो, इंजिनाचे. खंबाटकी घाटात पाच माणसं, एसी चालू आणि एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन! स्विफ्टचं १.२, चार सिलिंडर. शिवाय वॅगनआर म्हणजे उंच डबा, हायवेवर बाजूचा वारा लागला की जाणवतो. आई महिन्यातून चारदा चढणार-उतरणार, गाडी तुम्ही रोज चालवणार.

कृष्णाकाठ:
रोज मी एसटीने जातो. गाडी आईसाठीच आहे.

गॅरेजवाला काका:
दोघेही अर्धंच बोलताय. जानेवारी २०१९ ला नवी वॅगनआर आली ती १.२ मध्येही मिळायची, इंजिन त्या वेळच्या स्विफ्टचंच. म्हणजे घाटाचं रडगाणं निम्मं संपलं. डिकी ३४१ लिटर, स्विफ्टची २६८. त्याआधीची वॅगनआर मात्र मी घरच्यांसाठी घेणार नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलैपासून. आधी साल बघा, मग मॉडेल.

घाटवेडा:
काका, मुद्द्यावर आलात. ड्रायव्हरची! २०१८ च्या नव्या स्विफ्टला दोन्ही एअरबॅगा आणि एबीएस अगदी बेस मॉडेलपासून होतं. वॅगनआरच्या खालच्या मॉडेलांत शेजारची एअरबॅग पर्यायी होती. आता सांगा, आई कुठे बसणार?

कृष्णाकाठ:
...पुढेच. मागे तिला मळमळतं.
हे मला खरंच माहीत नव्हतं.

गॅरेजवाला काका:
म्हणून वॅगनआरचं वरचं मॉडेल, व्हीएक्सआय-ओ किंवा झेडएक्सआय, शोधा, त्यात शेजारचीही असते. आणि घाटवेडा, फार फुशारू नका. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून सुरक्षितता तपासते, तिच्या चाचणीत त्या पिढीच्या दोन्ही गाड्यांना दोन-दोनच तारे होते, पुढे कडक निकषांत एकेक. पत्रा दोघींचा सारखाच.

बचतगट:
सीएनजी वॅगनआर घ्या की! पेट्रोलपेक्षा खर्च कितीतरी कमी.

कृष्णाकाठ:
आणि आईचा वॉकर टपावर बांधू? डिकीत सिलिंडर बसला की पिशवीपुरती जागा उरते. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. महिन्याला दोन फेऱ्यांसाठी नको.

सांगलीत २०१९ ची १.२ व्हीएक्सआय-ओ आहे, रविवारी बघायला जातोय. भाऊही येतोय, तोंड वाकडं करून.

गॅरेजवाला काका:
जाताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर बघा. मी एकदा एका एजंटकडून घेतलेल्या गाडीचा मीटर ३२ हजार दाखवत होता आणि रबर आरशासारखे गुळगुळीत. इतकं घासलेलं रबर म्हणजे गाडी मीटरपेक्षा कितीतरी जास्त पळालेली. तेव्हा लक्ष दिलं नाही.

घाटवेडा:
आणि आईंना सोबत न्या. दोन्ही गाड्यांत बसवून बघा. त्या स्विफ्टला हो म्हणाल्या तर इथे येऊन सांगायचं हं.