सेवा केंद्रातील डेस्कटॉपसाठी स्थिर चालणारा ड्युअल-कोअर प्रोसेसर कोणता घ्यावा?

प्रश्न (मानवत, जि. परभणी)

नमस्कार. मानवत तालुक्यातील एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, पीकविम्याचे फॉर्म, शाळांच्या प्रश्नपत्रिकांचे मराठी टंकलेखन आणि छपाई एवढेच काम संगणकावर असते. सध्याच्या डेस्कटॉपमध्ये कोअर २ ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर व ४ जीबी रॅम असून तो विंडोज १० वर चालतो. गेल्या वर्षभरापासून काम चालू असतानाच तो अचानक रीस्टार्ट होतो. मागील जुलैत पीकविम्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दहा-बारा शेतकरी ओट्यावर बसलेले असताना तो सात वेळा बंद पडला. प्रत्येक वेळी ओटीपी नव्याने मागवावा लागला आणि एका वृद्ध गृहस्थांना त्यासाठी शेतात गेलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा फोन करावा लागला. ती वेळ कोणावर परत येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

‘प्रोसेसर थकला आहे, बदलून टाका,’ असे दुकानदाराचे म्हणणे आहे. मॉनिटर आणि प्रिंटर सोडून वीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. वेग थोडा कमी असला तरी चालेल, परंतु यंत्र मध्येच बंद पडू नये. पेंटियम गोल्ड जी६४००, जी७४०० आणि अ‍ॅथलॉन ३०००जी ही नावे सुचवली गेली आहेत. शिवाय सातव्या पिढीतील आय३चा जुना संच बराच स्वस्त मिळतो आहे. यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर १ (नांदेड)

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आधी निदानाबद्दल लिहितो. प्रोसेसर असा थकत नाही. संगणकाच्या सुट्या भागांमध्ये सर्वांत कमी बिघडणारा भाग म्हणाल तर तो प्रोसेसरच, आणि माझ्याकडे येणाऱ्या ‘रीस्टार्ट होतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्डवरील कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून पुरवठा एकसारखा ठेवणारे छोटे भाग), रॅमचे मळलेले संपर्क किंवा थेट घरातील वीजच निघते. हा दोष न शोधता आपण नवा प्रोसेसर घेतला, तर पुढच्या जुलैतही तेच होईल.

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर (संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणारी सोय) उघडून सिस्टिम या नोंदवहीत पाहावे. तेथे केवळ ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असेल, तर संगणक व्यवस्थित बंद न होता मध्येच तुटला एवढाच तिचा अर्थ असतो. अशा वेळी संशय प्रथम विजेवर घ्यावा. त्यासोबत ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरमधील दोषाच्या, नोंदी असतील तरच प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड यांच्याकडे वळावे. त्यानंतर कॅबिनेटची बाजू उघडून प्रोसेसरच्या शेजारचे उभे गोल कपॅसिटर पाहावेत. त्यांचे माथे सपाट असावे लागते. ते फुगलेले असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल, तर तो बोर्ड संपत आला असे समजावे. आपल्याकडे कापसाच्या हंगामात रुईचे तंतू प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये अक्षरशः गादीसारखे बसतात, तेही काढून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. आपला संगणक घरगुती इन्व्हर्टरवर असेल, तर इन्व्हर्टरच्या मागील बाजूचे बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते अवश्य पाहावे. साध्या मोडमध्ये वीज गेल्यानंतर बॅटरीकडे वळायला जो वेळ लागतो, तो पंख्याला आणि दिव्याला जाणवत नाही, मात्र संगणकाचा एसएमपीएस तेवढा वेळ तग धरू शकत नाही.

उत्तर २ (लातूर)

निदान आधी करावे हे मलाही मान्य आहे. पण हा संच तसाही बदलावाच लागेल. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, आणि विंडोज ११ची २४एच२ व त्यापुढील आवृत्ती कोअर २ ड्युओवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक आज्ञा (इन्स्ट्रक्शन) या प्रोसेसरला समजत नाही. याच कारणासाठी सातव्या पिढीतील स्वस्त आय३चा मोह टाळावा, कारण विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. लोकांच्या आधार क्रमांकाचे काम ज्या यंत्रावर होते, त्यावर सुरक्षेची अद्यतने मिळत राहिली पाहिजेत, याबाबत तडजोड करू नये.

उरलेल्या तिन्ही प्रोसेसरमध्ये दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आहेत आणि तिन्ही विंडोज ११च्या यादीत आहेत. अ‍ॅथलॉन ३०००जी २०१९चा असून त्याची वीजमर्यादा अवघी ३५ वॅट आहे, त्यामुळे तो कमी तापतो आणि खोली पत्र्याची असेल तर ही जमेची बाजू ठरते; परंतु त्याची रचना जुनी असल्याने एका कोअरचा वेग कमी पडतो. जी६४०० हा २०२०चा, ४ गिगाहर्ट्‌झचा आणि ५८ वॅटचा आहे. जी७४०० हा २०२२चा, आकडा ३.७ गिगाहर्ट्‌झ असला तरी त्याचे कोअर दोन पिढ्या नवे असल्यामुळे तो जी६४००पेक्षा जलद चालतो आणि त्याची मर्यादा मात्र ४६ वॅटच आहे. गिगाहर्ट्‌झचा मोठा आकडा पाहून निवड करण्याची चूक अनेक जण करतात, ती आपण करू नये.

आपल्या जागी मी एच६१० मदरबोर्डसह जी७४०० घेईन. त्या बोर्डावरील एलजीए १७०० या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याच्या जागेत) पुढे चार कोअरचा आय३-१२१००ही बसवता येतो, म्हणजे बोर्ड वाया जात नाही. ८ जीबीची रॅम एकाच पट्टीऐवजी ४-४ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी, आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस कृपया स्वीकारू नये. स्थैर्य हवे असेल तर प्रोसेसरमध्ये वाचवलेले पैसे एसएमपीएसमध्येच घालावेत.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

थोडा वेगळा विचार मांडतो. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, अँटिव्हायरस आणि बायोमेट्रिक यंत्राची सेवा हे सर्व एकाच वेळी चालणार असेल, तर दोन कोअर फार दिवस पुरणार नाहीत. खर्च बसत असेल तर आय३-१२१०० आताच घ्यावा. मात्र नावापुढे ‘एफ’ असलेला घेऊ नये, कारण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड घ्यावे लागते. महागडा प्रोसेसर अधिक स्थिर असतो असेही समजू नये. २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील ६५ वॅट व त्यावरील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष असल्याचे मान्य करून मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या अंतर्गत प्रणालीत) दुरुस्ती दिली होती. आपण विचारलेल्यांपैकी एकही प्रोसेसर त्यात येत नाही.

प्रश्नकर्ता (मानवत)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सर्वत्र केवळ ‘कर्नल-पॉवर ४१’ आढळले, दुसरी नोंद एकही नाही. इन्व्हर्टर भिंतीला टेकून ठेवलेला असल्याने त्याच्या मागे मी कधी पाहिलेच नव्हते; बटण साध्या मोडवर होते. ते बदलल्यापासून नऊ दिवसांत वीज अनेकदा गेली, तरी संगणक दोनदाच बंद पडला आणि दोन्ही वेळा लेझर प्रिंटरवर छपाई नुकतीच सुरू केली होती. प्रिंटरही त्याच इन्व्हर्टरवर आहे. बोर्डवरील दोन कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसले.

उत्तर १ (नांदेड)

लेझर प्रिंटर आजच इन्व्हर्टरवरून काढून थेट विजेच्या दुसऱ्या बोर्डावर लावावा. त्यातील फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा तापणारा भाग) तापताना एकदम मोठा भार घेतो. तेवढ्यात इन्व्हर्टरचा दाब (व्होल्टेज) पडतो आणि फुगलेले कपॅसिटर तो धक्का सावरू शकत नाहीत. जुना बोर्ड दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. जी७४०० आपल्या कामाला पुरेसा आहे. खरेदीआधी मात्र वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज किती भरते ते येथे कळवावे.