भाच्याला निवासी सुधार केंद्रात पाठवावे का? पहिले ४५ दिवस भेट नाही, अशी अट आहे

प्रश्न: एक मामा, मानेवाडा, नागपूर

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १५ वर्षांचा असून यंदा दहावीला आहे. भाऊजी दोन वर्षांपूर्वी गेले. ताई नोकरी करते आणि दोन खोल्यांच्या घरात हे दोघेच राहतात. गेल्या वर्षभरात मुलगा हाताबाहेर गेला आहे. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाईलवर गेम खेळणे आणि सकाळी शाळेला दांडी मारणे हे रोजचेच झाले आहे. ताईच्या पर्समधून दोनदा पैसे गेले. मागच्या महिन्यात तिने मोबाईल काढून घेतला, तेव्हा त्याने लाथ मारून कूलर पाडला आणि तिला ढकलले. तिच्या मनगटाला अजून प्लास्टर आहे.

ताईच्या एका सहकाऱ्याने शहराबाहेरचे एक निवासी केंद्र सुचवले, म्हणून आम्ही दोघे जाऊन आलो. सहा महिन्यांत मुलगा सरळ करून देण्याची हमी तिथे मिळाली. पहिले ४५ दिवस भेट नाही आणि फोनही नाही. नंतर महिन्यातून एकदा, तोही त्यांच्या माणसासमोर. मुलाला आधी काही कळू द्यायचे नाही. पहाटे त्यांची गाडी येईल आणि चार माणसे त्याला उठवून घेऊन जातील. पाल्यास इजा झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही, असे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे. निघताना आम्हाला बजावण्यात आले की मुले सुरुवातीला मारहाणीच्या आणि उपाशी ठेवल्याच्या खोट्या तक्रारी करतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुले राहतात तो भाग पाहण्याची विनंती आम्ही केली, ती मान्य झाली नाही. तिथे ४० मुले आहेत असे सांगितले गेले. आम्ही तासभर बसलो होतो, पण त्या तासाभरात एकाही मुलाचा आवाज कानावर आला नाही.

ताई थकली आहे आणि सही करायला तयार आहे. माझे मन मात्र धजत नाही. कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

उत्तर: एक आई, त्रिमूर्तीनगर

दादा, कृपया सही होऊ देऊ नका. पाच वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी सही केली होती. केंद्राचे नाव मी लिहिणार नाही.

आम्हालाही तेच वाक्य सांगितले होते की मुलगा खोटे बोलेल. त्या वाक्याने काय केले ते मला आज कळते. दुसऱ्या महिन्यात पहिला फोन आला तेव्हा मुलगा एवढेच म्हणाला, “आई, मला घेऊन जा.” मला शिकवून ठेवले होते त्याप्रमाणे मी उत्तर दिले, “आधी तिथले सगळे पूर्ण कर.” तो गप्प झाला. पुढच्या प्रत्येक फोनवर “सगळे छान आहे” याखेरीज तो काही बोलला नाही, आणि तो सुधारला असे समजून मी देवापुढे साखर ठेवली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर हात वर करून उभा होता. मी काय झाले असे विचारले, तर म्हणाला, “पाणी घेऊ का?” स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातले पाणी. तो न्हाणीघराचे दार लावत नसे, कारण तिथे दार लावण्याची परवानगी नव्हती. गुडघ्यांवर काळे डाग होते. तासन्‌तास गुडघ्यांवर उभे करत, हे त्याने सात-आठ महिन्यांनी सांगितले. एकाने चूक केली की बाकीच्यांनी त्याला गोल करून शिव्या घालायच्या, आणि जो मोठ्याने घालील त्याला जास्त गुण, असा तिथला रोजचा क्रम होता. मार खाल्ल्यापेक्षा आपण दुसऱ्याला घातलेल्या शिव्या त्याला अधिक छळतात. आज तो वीस वर्षांचा आहे, पण ताटाभोवती हात धरून पाच मिनिटांत जेवण संपवण्याची सवय अजून गेलेली नाही.

तुम्हाला तिथे आवाज ऐकू आला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले.

उत्तर: एक वकील, सिव्हिल लाइन्स

कायद्याची बाजू मांडतो. तो स्टॅम्प पेपर केंद्राला वाचवू शकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण केली, छळले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, तर तो गुन्हा आहे. आणि ज्या संस्थेवर मुलाची काळजी सोपवली आहे तिच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने तो केला, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्ह्याला पालकाने आगाऊ माफी लिहून देण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. कागद असतो तो पालकाने पुढे तक्रार करण्याचे धाडस करू नये म्हणून.

हे ठिकाण स्वतःला व्यसनमुक्ती किंवा मानसिक उपचारांचे केंद्र म्हणवत असेल, तर त्याला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू होतो आणि नोंदणी अनिवार्य ठरते. त्यातले कलम ८७ आपण ताईंना वाचून दाखवावे. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते व त्यांपैकी एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो; त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते; ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते; आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने दाखल असण्याच्या संपूर्ण काळात मुलासोबत राहायचे असते. कायदा पालकाला मुलाच्या शेजारी बसवतो आणि हे केंद्र त्याला ४५ दिवस फाटकाबाहेर ठेवते. ही एकच तफावत मला निर्णयास पुरेशी वाटते.

आम्ही रुग्णालय नाही, बालगृहही नाही, फक्त शिस्तीचे वसतिगृह आहोत, असे सांगून पुष्कळ संस्था दोन्ही कायद्यांच्या फटीत उभ्या राहतात. म्हणून नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हे लेखी मागावे. मुलाला इजा होत असल्याचा संशय कोणालाही आला, तरी १०९८ या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे कळवता येते.

उत्तर: एक वडील, हिंगणा रोड

वरील सर्व मान्य आहे, तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या घरात मुलगा आईवर हात टाकतो, त्या घराला रात्री अकरा वाजता कायद्याचे कलम उपयोगी पडत नाही. आम्हीही त्यातून गेलो आहोत. नातेवाईक सल्ला देतात आणि आपापल्या घरी जातात. या ताईंना सही करावीशी वाटली, यात त्यांचा दोष नाही. पाठवू नका म्हणणाऱ्यांनी मग काय करायचे तेही सांगावे.

उत्तर: निवृत्त प्राध्यापिका (समाजकार्य), धंतोली

हिंगणा रोडच्या बंधूंचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्यापेक्षा समुपदेशक चांगले देतील. मी एवढेच सांगू इच्छिते की या अटी कोणा एका संचालकाच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. अमेरिकेत त्या अर्धशतकाहून अधिक काळ चालत आल्या आहेत आणि त्यांचे परिणाम नोंदले गेले आहेत.

कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्तांची वसाहत सुरू झाली. एकाला मध्ये बसवून इतरांनी त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे, हा तिथला ‘खेळ’ होता. तीच पद्धत पुढे किशोरवयीन मुलांच्या निवासी केंद्रांत शिरली. त्रिमूर्तीनगरच्या ताईंनी वर्णन केलेला गोल वाचताना मला तेच आठवले. १९७४ मध्येच अमेरिकी सिनेटच्या एका समितीने फ्लोरिडातील अशा एका कार्यक्रमाच्या पद्धतींची तुलना उत्तर कोरियातील युद्धकैद्यांच्या बुद्धिभेदाशी केली होती, तरीही केंद्रे वाढतच गेली. पैसे घेऊन मुलांना पहाटे झोपेतून उचलून नेणारी माणसेही तिथे मिळतात. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दहा मुलांच्या मृत्यूंचा बारकाईने तपास केला; २००५ या एकाच वर्षात ३३ राज्यांनी निवासी केंद्रांतील छळाच्या घटनांत १,६१९ कर्मचारी गुंतल्याचे कळवले होते, असे त्या अहवालात नमूद आहे.

हा मार निदान उपयोगी तरी पडतो का, हेही तपासले गेले आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेचा निष्कर्ष असा होता की धाक दाखवणारे आणि लष्करी थाटाचे कार्यक्रम हिंसक वर्तन कमी करत नाहीत, उलट वाढवू शकतात. बिघडलेली मुले एकत्र कोंडली की ती एकमेकांकडूनच शिकतात.

युटा राज्यात अशी केंद्रे फार होती. तिथे प्रसिद्ध अमेरिकी तारका पॅरिस हिल्टन यांच्यासह अशा केंद्रांतून गेलेल्या अनेकांनी विधिमंडळापुढे साक्षी दिल्या आणि २०२१ मध्ये कायदा झाला. त्यात मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी, कोणी ऐकत नसताना, बोलता आले पाहिजे अशी तरतूद आहे. इतक्या मुलांचे हाल झाल्यावर त्या लोकांनी नेमके ते दार उघडले, जे आपल्या या केंद्राने ४५ दिवस बंद ठेवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावर तिथे देशपातळीवरचा कायदाही झाला.

उत्तर: एक समुपदेशक, प्रतापनगर

मामा, तुमच्या प्रश्नात मोबाईलवर, पैशांवर आणि कूलरवर सविस्तर लिहिले आहे आणि वडिलांच्या जाण्यावर चार शब्द आहेत. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या दोन वर्षांत त्याच्याशी वडिलांविषयी कोण बोलले? मुलगे दुःख रडून दाखवत नाहीत तेव्हा ते बहुधा रागातून आणि रात्रीच्या जागरणातून दिसते. मी त्याला पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करत नाही; पण तपासणीची सुरुवात इथून व्हावी.

आता रात्री अकराचा प्रश्न. मुलगा भडकला असताना मोबाईल हिसकावू नये. तो वाद सकाळी, दिवसाउजेडी करावा. ताईंना धोका वाटला तर त्यांनी घराबाहेर पडून शेजारी जावे आणि तुम्हाला बोलवावे. शक्य असल्यास पुढचे काही आठवडे तुम्ही रात्री तिथे झोपायला जा. एक वडीलधारे माणूस घरात असल्याने बराच फरक पडतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) किंवा मिहानमधील एम्सच्या मानसोपचार ओपीडीत त्याला दाखवावे, आणि ताईंनीही स्वतःसाठी वेळ घ्यावी. या वयात आई-वडिलांना बरोबर घेऊन केलेल्या उपचारांचा उपयोग होतो. त्यात सहा महिन्यांची हमी मिळत नाही, मध्येच दोन पावले मागेही जावे लागते.

पुढे कधी निवासी उपचारांची खरोखर गरज पडलीच, तर मुलाला एकट्याने कधी भेटता येईल हे पहिल्यांदा विचारावे आणि तो जिथे झोपतो ती खोली पाहावी.

प्रश्नकर्ता: मामा, मानेवाडा

सर्वांचा ऋणी आहे. केंद्राला फोन करून नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे असे विचारले, तेव्हा आधी प्रवेश निश्चित करा, कागदपत्रे नंतर दाखवू, असे उत्तर आले. ताईला मी कलम ८७ आणि त्रिमूर्तीनगरच्या ताईंचे उत्तर वाचून दाखवले. पाण्याच्या प्रसंगापर्यंत आलो तेव्हा तिने मला थांबायला सांगितले.

काल रात्री मी तिथेच झोपलो. भाच्यापासून काही लपवायचे नाही असे ठरवून त्याला सगळे सांगितले, केंद्राचेही. त्याने एवढेच विचारले, “आईने सही केली होती का?” स्टॅम्प पेपर माझ्या बॅगेत होता, तो त्याच्या हातात दिला. सहीची जागा कोरी होती. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि परत दिला. नंतर बऱ्याच वेळाने, दिवा मालवल्यावर, बाबांची गाडी विकली तेव्हा मला का विचारले नाही, असे तो म्हणाला. ही गोष्ट त्याच्या मनात होती हे आम्हाला माहीत नव्हते.

सोमवारी मेडिकलला जात आहोत. त्रिमूर्तीनगरच्या ताई, आपली हरकत नसल्यास माझी बहीण आपल्याशी एकदा बोलू इच्छिते.