मदत हवी आहे: स्लॅबच्या कडेला हार्नेस अडकवायचा कुठे?

नमस्कार मंडळी. पिंपरी-चिंचवडमध्ये ११ मजली इमारतीच्या साइटवर मी सेफ्टीचं काम बघतो. शटरिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) हार्नेस, म्हणजे उंचीवरून पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, घालतात, पण हुक मात्र मोकळाच लोंबतो. त्यांना रागावून काय उपयोग? नवीन स्लॅबच्या कडेला अडकवायला भक्कम जागाच नसते. काहीजण हुक प्रॉपला (साच्याखालच्या टेकूला) लावतात, आणि तो माणसाचा झटका सोसणार नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाला १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेस आणि हुक जोडणारा, झटका शोषणारा दोर) पूर्ण उघडला तर खाली ५ मीटरहून जास्त मोकळी जागा लागते, आमचा मजला ३ मीटरचा. कॉलमच्या सळ्यांना लाइफलाइन (हुक अडकवायचा ताणलेला दोर) बांधून कुणी काम केलंय का? की कडेचं रेलिंग आणि जाळीच आधी उभी करावी?

दुसरं, वायरिंगसाठी भिंतीला झिरी मारताना उडणारी धूळ. तिच्यामुळे होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही, कापडी रुमालाने ती धूळ अडतही नाही. व्हॅक्यूम जोडलेला ग्राइंडर कुणी वापरला असेल तर अनुभव सांगा.

क्युरिंगला, म्हणजे नवीन काँक्रीट ओलं ठेवायला, टँकरचं पाणी खूप जातं. उभ्या कॉलमवर गोणपाट टिकत नाही, तिथे क्युरिंग कंपाउंड (ओल आत धरून ठेवणारा लेप) चालेल का? पुढं प्लास्टर धरतं का, हे खास विचारायचंय.

पुढचा स्लॅब लवकरच आहे, म्हणून हार्नेसचं आधी सांगा.